नणंदेची वही

नणंदेनं वहिनीच्या चुका मोजाव्यात यात नवं काही नाही. आमच्याकडे त्या फक्त तारीख टाकून, रकाने आखून लिहिल्या गेल्या. आणि तसं कर म्हणून मीच तिच्या मागे लागले होते.

मी नागपुरात मुलींना कबड्डी शिकवते. दिवसा शाळेत पी.टी.ची नोकरी, संध्याकाळी नंदनवनकडच्या एका मैदानावर मंडळाच्या मुली. १२ वर्षं झाली. सध्या १९ जणी आहेत, १३ ते १७ वयाच्या. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाची आई मेसचे डबे करते. एकीला सोडायला रोज आजोबा येतात आणि सराव संपेपर्यंत कठड्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात. मैदान मातीचं. मॅट दिसते ती स्पर्धेत.

मागच्या जानेवारीत एका स्पर्धेत आम्ही उपांत्यपूर्व फेरीत हरलो. शेवटचं दीड मिनिट उरलं होतं, आम्ही एका गुणानं मागे. समोरची रेडर, म्हणजे चढाईला आलेली मुलगी, खोल शिरली आणि परत वळताना तिचा घोटा आमच्या उजव्या कॉर्नरसमोर, म्हणजे बचावात उजव्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीसमोर, ताटात वाढल्यासारखा आला. पोरीनं हात घातलाच नाही. मी बाहेरून ओरडले, “हात घरी ठेवून आली का वं?”

प्रेक्षक हसले. समोरच्या संघातल्या मुलीही हसल्या. सोमवारी ती सरावाला आली नाही. मंगळवारी नाही. मग आलीच नाही. ‘दहावी आहे’ असा निरोप आला. तिची दहावी पुढच्या वर्षी होती.

महिन्याभरानं तिची आई बुधवारी बाजारात भेटली. मी मेथीच्या जुड्या बघत होते. म्हणाली, “ताई, ग्राऊंडचं नाव काढलं की पोट्टी उठून आत जाते. काही झालं का तिथं?” मी म्हणाले, काहीच नाही झालं. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

रात्री हे छोटीला सांगितलं. छोटी म्हणजे माझी नणंद. चाळिशी उलटली तरी घरात छोटीच. ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ती म्हणाली, “वहिनी, ग्राऊंडवर तू दिवसभरात काय काय बोलतेस, हे तुला सांगता येईल?” मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? शिकवते, दुसरं काय बोलणार!

तेव्हा तिनं जॉन वुडन यांची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे हे प्रशिक्षक; १२ वर्षांत १० वेळा त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ वही घेऊन त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि ते तोंडातून काय काढतात ते टिपत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. भाषणं नाहीत, आरडाओरडा नाही. बहुतेक सगळं बोलणं म्हणजे छोटी छोटी माहिती: पाय कुठं, चेंडू कसा, आता काय करायचं. शाबासकी ६.९ टक्के, नापसंती ६.६ टक्के.

“मग ये ना, माझंही मोज,” मी म्हणाले. चेष्टेत म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, तिसऱ्या दिवशी परत. ती कंटाळून हो म्हणाली.

सुरू करण्याआधी तिनं माझ्याकडून अंदाज लिहून घेतला. शिकवणं ६० टक्के, शाबासकी २०, रागावणं १५, किरकोळ ५, असं मी लिहिलं. शाबासकीत वुडन साहेबांना मागे टाकलंय या आनंदात सहीसुद्धा केली.

तीन संध्याकाळी ती आजोबांच्या शेजारी कठड्यावर बसली. पहिल्या दिवशी पहिली वीस मिनिटं मी अगदी रेडिओवर बोलावं तशी बोलत होते. मग एकीनं सोपा टच सोडला आणि वही कुठं, छोटी कुठं, सगळं विसरले.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं वही उघडली. शिकवणं २२ टक्के. रागावणं आणि टोमणे ३०. शाबासकी ७. उरलेल्या ४१ टक्क्यांसाठी तिनं एक नवाच रकाना पाडला होता: ‘नुसता आवाज’. त्यात माझी वाक्यं होती. “लक्ष कुठंय?” “नीट!” “जोर लाव गं!” “अगं पाय!”

मी भांडले. “अगं पाय” हे शिकवणंच आहे, त्या रकान्यात घाल म्हणाले.

“पायाचं काय करायचं?” तिनं विचारलं.

“म्हणजे... पाय मागे घ्यायचा.”

“मग ते म्हण ना. त्या पोरीला फक्त एवढंच कळतं की पायाचं काहीतरी चुकलं.”

पण मला लागलं ते दुसरं पान. त्यावर १९ नावं होती आणि प्रत्येकीसमोर रेघा. माझ्या बोलण्यातलं जवळजवळ निम्मं दोन रेडर्सना उद्देशून होतं. चार नावांपुढे एकही रेघ नव्हती. त्यातली एक आमची डावी कव्हर, म्हणजे बचावातली डाव्या बाजूची खेळाडू. रोज वेळेवर येणारी, न सांगता माती सारखी करून पाणी मारणारी. तीन संध्याकाळींत मी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तिच्यावर ओरडलेही नव्हते. मी स्वतःला कडक समजत होते. या चौघींना माझा कडकपणासुद्धा मिळत नव्हता.

छोटी म्हणाली, अजून एक करून बघू. मुलींना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: तुमची चूक झाली की ताई काय करतात? अकरा जणींनी ‘ओरडतात’ लिहिलं. दोघींनी माझी वाक्यं शब्दशः उतरवली, उद्गारचिन्हासकट. आणि चार चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: ‘काहीच नाही.’ त्या चार कुणाच्या ते विचारायची गरज नव्हती.

छोटीला याचं नवल वाटलं नाही. सिएटलमध्ये रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर हेच काम केलं होतं. प्रशिक्षकाला स्वतःच्या वागण्याचा अंदाज येत नाही. मुलांना तो बराच बरोबर येतो. पुढे त्यांनी काही प्रशिक्षकांना थोडंसं शिकवलं: चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर आधी धीर द्या आणि मग काय करायचं ते सांगा, शिक्षा टाळा. १९९२ साली छापून आलेल्या त्यांच्या एका अभ्यासात, पुढच्या हंगामाला साध्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं परत आली नाहीत. शिकवलेल्या प्रशिक्षकांकडची ५ टक्के. सामने दोघांनी सारखेच जिंकले-हरले होते.

बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, मी अमरावतीला केलं. क्रीडा मानसशास्त्राचा पेपर होता, उलट्या ‘यू’ची आकृती काढून मार्क घेतले होते. ताण अगदी कमी तर खेळ ढिला, मध्यम तर उत्तम, फार झाला तर कोसळणार. यर्क्स आणि डॉडसन, १९०८. त्या दोघांनी हा प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन केला होता, हे मात्र मला छोटीकडून आता कळलं. मार्क मिळवायला उंदीर लागत नाहीत.

मग मी त्या उजव्या कॉर्नरच्या घरी गेले. आईनं चहा टाकला. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी म्हटलं, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं. ती लगेच म्हणाली, “नाही ताई, मी रागावली नव्हती.” मग बराच वेळ ओढणीशी खेळत राहिली. “मला ना ताई, हात घालायच्या आधीच तुमचा आवाज ऐकू यायचा. चुकली तर तुम्ही काय म्हणाल ते. तेवढ्यात रेडर निघून जायची.”

त्यावर काय बोलायचं असतं? मी चहा पिऊन उठले. ती परत आली नाही. आता दहावीला आहे, ट्यूशनच्या वेळा सरावाशी जुळत नाहीत, असं तिनं सांगितलं आणि या वेळी ते खरं होतं.

बदलायचं ठरवणं सोपं. पहिला आठवडा मी सगळ्यांना ‘छान’, ‘मस्त’, ‘वा गं’ म्हणत सुटले. टच चुकला तरी वा, पाय घसरला तरी छान. तिसऱ्या दिवशी एकीनं काळजीनं विचारलं, “काय होऊन राहिलं ताई तुम्हाला? तब्येत बरी आहे ना?” बाकीच्या फिदीफिदी हसल्या. छोटीनं त्या संध्याकाळी वहीत ‘खोटी नाणी’ असा रकाना पाडला आणि तो भरगच्च भरला.

खऱ्या शाबासकीतही फसगत असते, हे आमच्या पहिल्या रेडरमुळे कळलं. ही पोरगी म्हणजे वीज. मी तिला पहिल्या दिवसापासून म्हणत आले, “तुझ्या रक्तातच आहे कबड्डी.” पण ‘डू ऑर डाय’ आली की, म्हणजे ओळीनं दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद, अशा वेळी ती नेमकी वाकून बुटाची लेस बांधायला लागायची. कुणीतरी दुसरी जायची. मला वाटायचं, दमली असेल.

कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना, ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे कसली कोडी हवीत असं विचारल्यावर हुशार म्हटलेल्यांनी जास्त करून सोपी मागितली. हरले तर हुशारी जाते ना! आमच्या वीजबाईंचं तेच झालं होतं. रक्तातच कबड्डी असलेली पोरगी तिसऱ्या चढाईत बाद झाली तर मग रक्तात काय उरलं?

‘रक्तात’ हा शब्द मी बंद केला. त्याऐवजी, “आज तू तीनदा उजवीकडे हूल देऊन डावीकडे टच घेतलास, ते जमलं,” एवढंच. आणि सरावात रोज दहा ‘डू ऑर डाय’ चढाया, आळीपाळीनं, सगळ्यांना. दहातल्या सात-आठ वेळा बाद व्हायचंच, त्यात कुणाचं काही अडत नाही. जूनच्या सुमारास तिची लेस सुटायची थांबली.

शिकवण्याच्या वाक्यांनाही हात घालावा लागला. घोटा पकडताना मी सांगायचे, “कोपर आत, मनगट वळव, खांदा खाली.” पोरगी कोपराचा विचार करेपर्यंत रेडर रेषा ओलांडून घरी. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेनं १९९८ पासून हे पुन्हा पुन्हा दाखवलंय, की स्वतःच्या अवयवाकडे लक्ष ठेवण्यापेक्षा बाहेर काय घडवायचंय तिकडे लक्ष ठेवलं तर हालचाल जास्त सुटसुटीत होते. मी कोपर, मनगट सोडून दिलं. “तिची टाच आपल्या मागच्या रेषेकडे ओढ.” बस्स. डाव्या कव्हरनं पहिल्यांदा असं ऐकून शेजारच्या कॉर्नरबरोबर अशी साखळी लावली की रेडरचा पाय हललाच नाही. मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. ती मागे वळून बघायला लागली, कुणाला हाक मारली म्हणून.

टाइम-आउटचं सांगायलाच हवं. तीस सेकंद मिळतात. आधी मी त्यात निदान सहा सूचना कोंबायचे. आता नियम केला: आधी मुली बोलतील, मग मी एकच गोष्ट सांगेन. पहिल्या सराव सामन्यात टाइम-आउट घेतला, गोल केला आणि म्हटलं, “बोला.” सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे बघतेय. एकीनं पाणी प्यायलं. तीस सेकंद संपले, शिट्टी वाजली. पूर्ण टाइम-आउट आम्ही मौन पाळलं. बारा वर्षं मी एकटीच बोलत होते, त्यांना सवय कुठून असणार?

सगळंच जमलं असं नाही. खेळाडूला निवडीची मुभा द्यावी, हे डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं छोटीनं फार मनापासून सांगितलं. मी मुलींना आठवड्यातून दोन दिवस सराव स्वतः ठरवायला दिला. त्यांनी दोन्ही दिवस, दर आठवड्याला, फक्त सामने खेळायचं ठरवलं. महिन्याभरात सगळ्यांचा दम दहाव्या मिनिटाला संपायला लागला. मी मुभा काढून घेतली. आता धावणं ठरलेलं आहे. कुठून कुठे आणि कुणाच्या जोडीनं, तेवढं त्या ठरवतात. छोटीला ही तडजोड फारशी आवडलेली नाही. तिला धावायचं नसतं.

धावण्यावरून आठवलं. चूक झाली की मैदानाला पाच राऊंड, ही माझी जुनी शिक्षा. शिवाय पाणी तोडणं. ‘ड्रिल नीट होईपर्यंत पाणी नाही’ हे मी स्वतः म्हटलंय, तेही एप्रिलमध्ये, नागपुरात, जिथं संध्याकाळी सहालाही माती तव्यासारखी तापलेली असते. माझ्या सरांनी आम्हाला असंच वाढवलं होतं आणि आम्ही ते अभिमानानं सांगायचो. कुणी चक्कर येऊन पडलं नाही हे माझं नशीब, शहाणपण नव्हे. या उन्हाळ्यात सराव सकाळी साडेपाचला नेला आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी, ड्रिल जमो न जमो. राऊंडही शिक्षा म्हणून बंद. धावणं म्हणजे अपराध केल्याची खूण, असं डोक्यात बसलं तर पोरी आपणहून कशाला धावतील?

शेजारच्या पट्टीत मुलांना शिकवणारे दादा हे सगळं बघत होते. एकदा म्हणाले, “लाडावून ठेवाल मॅडम. चंद्रकांत पंडितांनी लाड करून विदर्भाला रणजी जिंकून दिली का?” हा प्रश्न मला रात्रभर पुरला. नागपुरात तो टाळताही येत नाही. २०१७-१८ च्या हंगामात, इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, गोलंदाज गुरबानीची हॅटट्रिक आणि करंडक. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. दोन्ही वेळा पंडित प्रशिक्षक, आणि त्यांची शिस्त कडक म्हणूनच प्रसिद्ध.

त्या ड्रेसिंग रूममध्ये कोण काय बोलत होतं ते मी पाहिलेलं नाही. पण ते सगळे मोठे, पोटापाण्यासाठी क्रिकेट खेळणारे पुरुष होते. माझ्याकडे १४ वर्षांच्या मुली येतात, ज्यांना घरून दोन तासांची सुटी मिळवायलाच अर्धी लढाई द्यावी लागते. आणि दादांशी एका बाबतीत मी सहमतही आहे. वेळेची शिस्त मी सैल केलेली नाही. साडेपाच म्हणजे साडेपाच. उशीर झाला तर वॉर्म-अप संपेपर्यंत कठड्यावर, आजोबांशेजारी. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. खर्ऱ्याचा वास पुरतो.

शिट्टीची सवय शेवटपर्यंत जात नव्हती. चूक दिसली की हात आपोआप शिट्टीकडे. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापीडा घालवायला पुतळे मिरवतात तेव्हा, सराव नसतो, सगळ्या पोरी महालात मिरवणूक बघायला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आले तर पाण्याच्या टाकीवर खडूनं लिहिलेलं: ‘इडा, पीडा, ताईची शिट्टी घेऊन जा गे मारबत!’ अक्षर कुणाचं ते ओळखलं. बोलले काहीच नाही. शिट्टी त्या दिवसापासून पर्समध्ये असते.

या डिसेंबरात त्याच स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोहोचलो. छोटी वही घेऊन आली होती. पूर्वार्ध मी चांगला पार पाडला. टाइम-आउटला आता त्या बोलतात, कधीकधी एकमेकींच्या अंगावर येऊन बोलतात आणि मला माझी एक गोष्ट सांगायला चारच सेकंद उरतात. चार मिनिटं बाकी असताना आम्ही दोन गुणांनी मागे पडलो आणि माझं सगळं शिक्षण वाहून गेलं. “अगं पाय!” “लक्ष कुठंय?” “हात! हात!” मी पट्टीच्या कडेनं येरझाऱ्या घालत ओरडत होते. हा आवाज ओळखीचा होता आणि तो थांबवता येत नव्हता.

समोरची रेडर आत आली. आमची नवी उजवी कॉर्नर, तीच जुनी डावी कव्हर, जिला मी ऑगस्टमध्ये तिथं आणलं, तिनं रेडरवरची नजर न हटवता डावा पंजा माझ्या दिशेनं उचलला. थांबा. मग तो हात खाली घेतला आणि टाच ओढली.

गुण मिळाला. सामना तरीही तीन गुणांनी गेला. समोरच्या चांगल्या खेळल्या, त्यांच्या डाव्या कॉर्नरपुढे आमची वीज दोनदा विझली. परतीच्या वाटेवर सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. कुणी रडलं नाही असं नाही, पण रडणारीनंही दुसरी प्लेट घेतली.

छोटी कोपऱ्यात बसून वही भरत होती. मी डोकावले. शेवटच्या चार मिनिटांत ‘नुसता आवाज’ १७. मी म्हटलं, ते पान फाड. ती म्हणाली, वही माझी आहे. मग तिनं पट्टीनं एक नवी रेघ मारली, वर रकान्याला नाव काय द्यावं यावर थोडा वेळ पेन चावलं, आणि शेवटी लिहिलं: ‘खेळाडूनं गप्प केलं’. खाली एक रेघ ओढली.